हळदीच्या दिवसांतल्या मुंग्या

चुडाव्याला गाडी थांबायच्या आधीच खिडकीतून हळदीचा वास आत येतो. घरी डब्यात असते त्या हळदीचा नव्हे. हा शेतातून काढून वाफेवर शिजायला घातलेल्या ओल्या हळदीचा वास. जड, मातकट, थोडा कडवट, आणि एकदा केसांत शिरला की दोन दिवस निघत नाही. काल परभणीहून येताना तो आला तेव्हा शेजारी बसलेल्या बाईंनी नाकाला पदर लावला आणि मला हसू आलं. बाईंनी माझ्याकडं रागानं पाहिलं. मी तुम्हाला हसले नाही, असं सांगावंसं वाटत होतं, पण ते कसं सांगावं ते ठरेपर्यंत स्टेशन आलं.

मी हसले ते गेल्या वर्षीच्या हळदीमुळं. गेल्या वर्षी याच दिवसांत माझी खात्री झाली होती की माझे हातपाय हळूहळू निकामी होणार आहेत. वाक्य लिहून झालं की किती भयंकर दिसतं! पण ते दिवस आठवले की मला भयंकर असं काही आठवत नाही. पिवळे तळवे आठवतात, वडलांच्या, म्हणजे अण्णांच्या, खांद्यावरची ओली दस्ती आठवते, धपाट्यांचा डबा आठवतो. भीतीच्या दिवसांची आठवण अशी गोड कशी झाली, ते मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. लिहून बघते.

सुरुवात प्रॅक्टिकलच्या तासाला झाली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय वनस्पतीशास्त्र. त्यात खोडाचे पातळ काप काढायचे असतात. खोड डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं, उजव्या हातात ब्लेड, आणि काप असा काढायचा की पाण्यात सोडला तर शोधावा लागेल. वर्गात इंग्रजीत काही विचारलं की मी मान खाली घालायची, पण काप काढताना मॅडम इतर मुलींना माझ्या टेबलाशी आणून उभं करायच्या. त्या दिवशी ब्लेड उचललं आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. हात झटकला, गेल्या. पुन्हा ब्लेड उचललं, पुन्हा आल्या. दुसऱ्या दिवशी गाडीत डाव्या पायाला आल्या. आठवडाभरात पोटरीत काहीतरी आपोआप उडायला लागलं. कातडीखाली बेडकाचं पिल्लू ठेवलंय आणि ते मधूनच अंग हलवतंय, असं.

आता मुंग्या येणं ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे? आमच्याकडं मांडी घालून जेवायला बसलं की सगळ्यांनाच येतात. लहानपणी आई सांगायची, अंगठ्याला थुंकी लाव, जातील. आणि त्या जायच्याही. माझी चुलती, सरूकाकू, तिला मी एकदा भीत भीत सांगितलं तर ती म्हणाली, "पायाला गूळ लागला असंल बाई तुझ्या. धू आधी." शेजारी बसलेल्या चार बाया हसल्या, मीही हसले. शब्दच इतका लहान होता की माझी भीती त्यात मावत नव्हती. घरातल्या भाषेत सांगावं तर गूळ, आणि फोनवर शोधावं तर तिथं त्याच मुंग्यांना एवढी मोठाली इंग्रजी नावं, की एका श्वासात वाचून व्हायची नाहीत.

मग मी स्वतःला तपासायला लागले. डोळे मिटून बोट नाकाला लावून बघायचं. बादलीत दोन्ही हात घालून कोणत्या हाताला पाणी जास्त गार लागतंय ते बघायचं. टाचेवर चालायचं, चवड्यावर चालायचं. एकदा अंगणात वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला मी एका पायावर उभी राहून मनात आकडे मोजत होते. सरूकाकू टोपलं घेऊन चालली होती. थांबली, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बगळा झालीस का गं? मासे न्हाईत तिथं."

मी तोल जाऊन हळदीतच बसले. आता तोल हसण्यानं गेला की आजारानं, याचा विचार मी पुढं दोन दिवस करत होते.

गाडीत शाहीन असायची. ती पूर्णेला चढते. आम्ही दोघी तीन वर्षं रोज परभणीला अप-डाऊन करत होतो आणि एकमेकींचं सगळं एकमेकींना माहीत होतं. ती बसली की आधी माझा चेहरा बघायची.

"कालची बिमारी संपली का? आज कोणती काढलीस?"

मी नाव सांगायची. ते नीट उच्चारताही यायचं नाही.

"जिचं नाव घेता येईना गेलंय ती तुला कशी होईल गं? आधी स्पेलिंग पाठ कर, मग हो आजारी." आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेऊन चोळत म्हणायची, "मेरेकू तो रोज होता, बैठे बैठे. मी मरायले का? दे तो फोन इकडं."

पूर्णा ते परभणी माझा फोन तिच्या दप्तरात राहायचा. तेवढा वेळ ती मला प्रश्न विचारायची आणि मी उत्तरं द्यायची. खिडकीबाहेर ज्वारीची रानं मागं जात असायची, आणि मुंग्या येत होत्या की नव्हत्या हे त्या वेळात मला आठवत नाही. म्हणजे तेव्हाही रोज थोडा वेळ मी पूर्ण बरी असायची. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण परभणी आलं की ती फोन परत द्यायची.

खरं सांगते, मला मरणाची भीती नव्हती. भीती हाताची होती. आमच्या घरात दहावीच्या पुढं मीच गेले. अण्णा तिसरीपर्यंत शिकलेले, आईला सही येते. मला कॉलेजात घालताना कुणी विरोध केला नाही, पण कुणाला पक्कं ठाऊकही नव्हतं की तिथं नक्की काय होतं. ते सगळं या हातात होतं. ब्लेड धरणारा, आकृती काढणारा, तीन तास पेपर लिहिणारा. परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. हात गेला तर परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली तर मी म्हणजे काही दिवस कॉलेजला जाऊन आलेली मुलगी, एवढंच उरणार होतं. असं मी कुणाला बोलले नाही. मनात मात्र ते ठरूनच गेलं होतं.

घरी कळलं ते आईमुळं. हळद काढली की बाया गोल करून बसतात आणि मातीतून निघालेले घड मोडतात. गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं. काडकन मोडलं की आतला केशरी रंग दिसतो आणि बोटं लगेच पिवळी होतात. मीही त्या दिवशी मोडायला बसले होते. बसल्या बसल्या बाभळीचा एक काटा उचलून एकेका बोटाच्या टोकाला टोचून बघत होते.

"काय करायलीस गं?" आई म्हणाली.

"काही न्हाई. लागतंय का बघायलेय."

"काटा टोचल्यावर लागणारच की! त्यात बघायचं काय?"

तिचं म्हणणं इतकं सरळ होतं की मला रडूच फुटलं. बायांचे हात थांबले. सरूकाकूनं कुकरकडं तोंड करून हाक मारली, "अवो भाऊजी, इकडं या. पोरगी रडायलीय." शिजवायच्या यंत्राला आमच्याकडं कुकरच म्हणतात. अण्णा तिथून धावत आले, धुरानं डोळे लाल, खांद्यावर दस्ती.

"कामून रडायलीस?"

मी सगळं एका दमात सांगितलं. मुंग्या, पोटरीतलं बेडूक, फोनमधली नावं. वाटलं, आता गूळ म्हणतील. अण्णांनी दस्तीनं तोंड पुसलं, माझ्या हातातला काटा काढून घेतला आणि लांब फेकला. "एवढे दिवस एकटीच घेऊन फिरायली व्हय? चल, दाखवू," म्हणाले.

मग दाखवणं सुरू झालं. गावातल्या डॉक्टरांनी लाल रंगाचं इंजेक्शन दिलं. सरूकाकूनं शीर बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडं नेलं. त्यांनी माझा अंगठा कडकन ओढून "चढली व्हती, उतरवली" असं जाहीर केलं, आणि दोन दिवस मला खरंच बरं वाटलं. परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात सगळं बरोबर निघालं, म्हणून त्यांनी नसांच्या तपासणीसाठी नांदेडला जायची चिठ्ठी दिली. नसांमधून करंट सोडून बघतात, असं समजलं. ही बातमी आमच्या अंगणात येईपर्यंत 'पोरीला शॉक देणार' अशी झाली आणि आईनं जेवण सोडलं. अण्णांनी तिला समजावलं, "आपल्या मोटारीचा करंट न्हाई गं त्यो. बारीक असतोय, ब्याटरीचा."

आज हे लिहायला बसले आहे तर बाहेर कुकरची वाफ सोडल्याचा आवाज येतोय. सरूकाकू कुणाला तरी ओरडतेय की पातळ पसर, ढीग करू नको. ती सारखी माझ्या खिडकीपाशी येऊन बघून जाते. मी लिहायलेय म्हणजे परीक्षेचंच काहीतरी असणार अशी तिची समजूत आहे. तिला सांगितलं नाही की तिचंच चाललंय.

नांदेडला जायच्या आदल्या दिवशी मी हात धुतले. साबण, लिंबू, राख, पुन्हा साबण. हळद काही जाईना. दवाखान्यात तपासणी करणाऱ्या दादांनी माझा तळवा उलटा केला आणि भुवया वर केल्या.

"कावीळ झाली होती का?"

"न्हाई साहेब, हळद हाय," अण्णांनी पुढं होऊन आपले दोन्ही तळवे त्यांच्या तोंडासमोर धरले. "माझे बी बघा. घरातल्या समद्यांचेच असले हायत. कुत्र्याचे पाय बी पिवळे."

दादा हसले. अण्णांना बाहेर बसायला सांगितलं, माझ्या हाताला चिकटपट्ट्या लावल्या आणि म्हणाले, घाबरू नको, टिचकी मारल्यासारखं वाटेल. पहिली टिचकी बसली आणि माझा अंगठा मला न विचारता टुणकन उडाला. मला एकदम हसू आलं. इतके दिवस मी ज्या हाताला मेलेला समजत होते, तो एवढ्याशा ठिणगीला उडी मारत होता. दादा माझं लक्ष दुसरीकडं राहावं म्हणून बोलत होते.

"काय शिकतेस?"

"बी.एस्सी. थर्ड इयर."

टिचकी. करंगळी उडाली.

"अभ्यास कसा चाललाय?"

"साधारणच."

टिचकी.

"मागच्या सेमिस्टरला मार्क किती?"

"साधारणच," मी परत म्हणाले, आणि ओशाळले. अण्णांना बाहेर ऐकू गेलं नसेल ना, असं वाटलं.

तपासणी झाल्यावर रिपोर्ट हातात मिळाला. डॉक्टर मॅडम चार वाजता येणार होत्या, तोपर्यंत थांबायचं होतं. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. अण्णांनी रिपोर्ट घेतला, उलटा सुलटा पाहिला आणि माझ्या हातात दिला. "वाच."

वाच. घरातला प्रत्येक इंग्रजी कागद मीच वाचते. खताच्या पिशवीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, मोबाईलवर आलेलं. अर्थ लागला नाही तरी मी काहीतरी वाचते, कारण मी कॉलेजात जाते. मी रिपोर्ट उघडला. आकड्यांचे तक्ते होते, ते कळले नाहीत. लाल शाईनं कुठं काही लिहिलेलं नव्हतं. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत दोनच गोष्टी होत्या. इम्प्रेशन, आणि त्यापुढं, नॉर्मल स्टडी.

इम्प्रेशन हा शब्द मला एकाच अर्थानं माहीत होता. इंग्रजीच्या तासाला सर सांगायचे, मुलाखतीला गेलात तर इम्प्रेशन चांगलं पडलं पाहिजे. म्हणजे समोरच्याचं आपल्याबद्दल झालेलं मत. आणि स्टडी म्हणजे अभ्यास, हे तर पाचवीपासून पाठ. मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. माझे कान गरम झाले.

"काय लिहिलंय?" अण्णांनी विचारलं.

"माझ्याबद्दल मत लिहिलंय."

"काय?"

"अभ्यासात साधारण."

 समोरच्या भिंतीकडं बघत अण्णांनी बराच विचार केला. हसू नका, पण आम्हा दोघांनाही ते अशक्य वाटलं नाही. नसांमधून एवढा करंट सोडून माणसाचं सगळंच कळत असेल, असं मला खरंच वाटलं. वर मीच त्या दादांना दोनदा साधारण म्हणून सांगितलेलं. आणि मोठ्या डॉक्टरच्या कागदावर खोटं काय म्हणून असेल, असा अण्णांचा चेहरा होता.

"तसं नसंल," ते शेवटी म्हणाले. "नॉर्मल करा म्हणत असतील. अभ्यास नॉर्मल करायचा. तू लय करायलीस, त्याचा ताण आला असंल नसांवर."

"म्हणजे कमी करायचा?"

"कमी कर की थोडा. सोडू नको पर."

त्यांनी धपाट्यांचा डबा उघडला. दुपार झाली होती, दोघांनाही भूक लागली होती. तरी मी डब्याला हात लावला नाही. मला अभ्यासाचं काहीच पडलं नव्हतं. मुंग्यांबद्दल त्या कागदावर एक शब्द नव्हता, आणि मला वाटलं, वाईट असेल म्हणूनच लिहिलं नसेल, मॅडम तोंडानं सांगणार असतील. मग मी जे कुणालाही बोलले नव्हते ते अण्णांना बोलले.

"अण्णा, परीक्षेच्या येळेला हात चालला न्हाई तर?"

अण्णांनी धपाट्याचा तुकडा मोडला, त्यात ठेचा भरला, माझ्या हातात दिला. विचार करायला त्यांना वेळ लागला नाही.

"तर मी लिहितो. तू सांग, मी लिहितो."

अण्णांना लिहिता येतं. जोडाक्षर आलं की थांबतात, पण येतं.

"इंग्रजीत असतंय ते, अण्णा."

"मग हळू सांग."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. डबा मांडीवर सावरत, पिवळ्या बोटांनी पुढचा तुकडा मोडत, ते खरंच त्या परीक्षेच्या खोलीत माझ्या शेजारी जाऊन बसले होते. मला किती हळू सांगावं लागेल, याचा मी विचार केला. एकेक अक्षर. एक पेपर संपायला एक पावसाळा लागला असता. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. मग मी चार धपाटे खाल्ले. अण्णांनी मोजले.

चार वाजता मॅडम आल्या. वयानं आमच्या आईएवढ्या, केस अर्धे पांढरे. त्यांनी रबरी हातोडीनं गुडघे ठोकले, डोळे मिटून उभं केलं, टाचेवर चालवलं. सगळं मी घरी करून बघितलेलं होतं, पण त्यांच्यासमोर करताना निराळं वाटलं. मग त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "छान."

अण्णा अदबीनं म्हणाले, "मॅडम, पोरगी अभ्यासाला हुशार हाय. त्या साहेबांनी उगं साधारण लिहिलंय. बारावीला वर्गात दुसरी आलती."

मॅडमना काही कळेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मला जमेल तसं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. आधी तोंडावर हात धरला, मग तो बाजूला केला आणि मोकळ्या हसल्या. दारातली नर्स आत डोकावली.

"अगं, स्टडी म्हणजे इथं तपासणी. आणि इम्प्रेशन म्हणजे निष्कर्ष. तुझ्या नसांची तपासणी नॉर्मल आली आहे. तुझ्या अभ्यासाचं मला काय माहीत!"

अण्णांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. एवढी जोरात की मॅडम म्हणाल्या, "अहो, हळू."

मग अण्णांनी जे विचारलं त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. हसू ओसरल्यावर त्यांनी दस्ती हातात घेतली आणि विचारलं, "पर मॅडम, मुंग्या खऱ्या हायत ना? पोरगी खोटं बोलत न्हाई."

"खऱ्याच आहेत," मॅडम म्हणाल्या. "तिला येतात म्हणजे येतात. कशानं येतात ते मला आज सांगता येत नाही. कधी कधी सापडत नाही. पण घाबरण्यासारखं जे असतं, ते आज तरी तिच्यात काही दिसत नाही. तीन महिन्यांनी परत दाखवा. हातातली ताकद गेली, चालताना अडखळायला लागलं, तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं." मग माझ्याकडं वळून, "दिवसातून किती वेळा स्वतःला तपासतेस?"

मी खरं सांगितलं. वीसएक वेळा. मग आणखी खरं सांगितलं. चाळीस.

"आजपासून तू तपासायचं नाही. तपासणं माझं काम आहे, त्यासाठी मी शिकले. तू तुझं काम कर."

एवढंच. गोळी नाही, नाव नाही. मी ज्या उत्तरासाठी दोन महिने फोन चाळत होते ते उत्तर त्यांच्याकडंही नव्हतं, आणि तरी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की दोन पायऱ्या मी एकदम उतरले. कारण सापडलं नव्हतं. पण माझी शंका आता माझ्या एकटीच्या अंगावर नव्हती. तिचा काही भाग मॅडमच्या टेबलावर राहिला होता आणि काही अण्णांनी दस्तीत बांधून घेतला होता.

परतीच्या गाडीत अण्णांनी ओळखीच्या आणि अनोळखी, सगळ्या माणसांना ती गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी थोडी वाढवून. चुडावा येईपर्यंत मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडल्या होत्या. घरी आई दारातच उभी होती. "काय म्हणले?" तिनं विचारलं. अण्णांनी चपला काढल्या, छाती पुढं काढली आणि इंग्रजीत सांगितलं, "नॉर्मल स्टडी!"

तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द रुळला. हळद नीट शिजली का, म्हैस वैरण खायलीय का, पाव्हणे रागात गेले का खुशीत, सगळ्याचं उत्तर एकच. सरूकाकू तर कुणाच्या घरी मुलगी बघायला गेली तरी येऊन सांगते, "नॉर्मल स्टडी हाय. नाक जरा बसकं."

मी लगेच सुधारले असं नाही. दोन दिवसांनी प्रयोगशाळेत माझं बोट आपोआप नाकाकडं गेलं, आणि मी ते अर्ध्यावरून खाली आणलं. एकदा पाय उचलून उभी राहिले, तर अंगणातून चार बाया एका सुरात ओरडल्या, "बगळा!" तपासण्याची सवय अशी एकदम जात नाही. पण मोडलेल्या हळकुंडाचा रंग बघत बसावा, तसं मी मुंग्यांकडं बघायला शिकले. आल्या. आहेत. गेल्या. तीन महिन्यांनी मॅडमकडं जाऊन आले, तेव्हाही सगळं ठीक होतं. यंदा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्या अजूनही कधी कधी येतात. का येतात, मला माहीत नाही. हे वाक्य लिहिलं की पूर्वी मी लगेच फोन उघडला असता.

गेल्या वर्षीच्या परीक्षेचं मात्र सांगायलाच हवं. पहिला पेपर वनस्पतीशास्त्राचा होता. पंखा कुरकुरत होता, खिडकीतून उन्हाची एक पट्टी बाकावर पडली होती. चौथा प्रश्न लिहिताना मुंग्या आल्या. आधी करंगळीत, मग पूर्ण पंजात. मी पेन खाली ठेवलं आणि हाताकडं बघत बसले. नखांच्या कडेला पिवळं अजून होतं. जाग्यावरून पर्यवेक्षक मॅडमनी पाहिलं आणि जवळ आल्या.

"काय झालं? पेन संपलं का?"

"नाही मॅडम. मुंग्या आल्यात."

"मग झटक की," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडं गेल्या.

मी हात झटकला. मुंग्या सगळ्या गेल्या नाहीत. अर्ध्या राहिल्या. त्या राहिल्या तशाच मी पेन उचललं आणि आकृतीला नावं द्यायला घेतली. अक्षर जरा तिरकं आलं, पण वाचता येत होतं. मग पुढचा प्रश्न. तो मला इतका चांगला येत होता, शाहीननं तो गाडीत तीनदा विचारला होता, की लिहिता लिहिता शेवटचं पान कधी भरलं ते कळलं नाही. घड्याळात चाळीस मिनिटं बाकी होती आणि सांगायचं अजून बरंच होतं.

मी तोच हात वर केला.

"मॅडम, पुरवणी."